अडलेला संगणक आणि न जुळणारी तेरीज



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित सुरक्षा-साहाय्य मायक्रोसॉफ्टने थांबविले. तेव्हापासून आपल्या अनेक पेढ्यांवर जुन्या संगणकात विंडोज ११ बसविण्याची लगबग चालू आहे. या कामात एक अडचण वारंवार येते. स्थापना चालू असताना टक्क्यांचा आकडा एका जागी थांबतो, माऊस हलत नाही आणि संगणक गोठल्यासारखा होतो.

माझ्या एका स्नेह्यांची धान्याची आडत आहे. महिन्याची १८ तारीख होती. सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपून मी बसलो होतो, तोच त्यांच्या चिरंजीवांचा दूरध्वनी आला. "काका, दुपारपासून तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा अडकला. कारागीर म्हणतात, सगळी डिस्क पुसून नव्याने करू. परवा जीएसटीचे विवरणपत्र भरायचे आहे."

मी विचारले, "खतावणी कोठे आहे?"

"त्याच डिस्कवर, दुसऱ्या भागात."

"आणि नक्कल?"

थोडा वेळ थांबून तो म्हणाला, "आठ महिन्यांपूर्वीची आहे, काका."

मी म्हटले, "कारागिरांना हात लावू देऊ नका. मी येतो."

संगणक बिघडला तर नवा घेता येतो. परंतु कोणत्या शेतकऱ्याचे किती देणे आणि कोणत्या दुकानदाराकडे किती येणे, हे त्या डिस्कवाचून कोणास सांगता येणार? शिवाय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जतन करावी लागतात. म्हणून पहिले काम दुरुस्तीचे नव्हे, नकलेचे. आम्ही संगणक बंद करून डिस्क बाहेर काढली, यूएसबी जोडणीने ती दुसऱ्या संगणकाला लावली आणि हिशेबाचे सर्व फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. नक्कल उघडून शेवटची नोंद दिसली, तेव्हाच पुढच्या कामास हात घातला.

बँकेत तेरीज जुळली नाही की आम्ही सर्व वह्या एकदम चाळीत नसू. प्रथम फरकाचा स्वभाव पाहत असू. फरकाला ९ ने निःशेष भाग गेला, तर कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी, असा कयास बांधता येई. संगणकाचेही तसेच आहे. तो कोठे थांबतो, हे कागदावर लिहून ठेवावे. दर वेळी एकाच टप्प्यावर थांबत असेल, तर पेनड्राइव्हवरील एखादी फाइल सदोष असण्याचा किंवा डिस्कचा काही भाग निकामी झाल्याचा संशय घ्यावा. दर वेळी निराळ्या जागी थांबत असेल, तर रॅमची पट्टी, वाढलेली उष्णता किंवा वीजपुरवठा यांकडे पाहावे. मात्र थांबला म्हणजे गोठलाच असे नाही. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर तासभर वाट पाहण्यास हरकत नाही. जुन्या डिस्कवर हे काम फार संथ चालते.

त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही. क्रम असा ठेवावा:

प्रथम मुद्रणयंत्र, बारकोड वाचक, जादा डिस्क इत्यादी जोडण्या काढाव्यात. कळफलक, माऊस आणि पडदा एवढेच राहू द्यावे. दुसरे, संगणक विंडोज ११ ला पात्र आहे ना, ते पाहावे: किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटची सोय. तिसरे, मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्थळावरून किमान ८ जीबीच्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर स्थापनेची प्रत नव्याने तयार करावी. त्या पेनड्राइव्हवरील जुना मजकूर पुसला जातो, हे ध्यानात असावे. चौथे, पंख्यातील धूळ काढावी व डिस्कची केबल घट्ट बसवावी. पाचवे, रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासाव्यात. पेटी उघडण्यापूर्वी विजेची जोडणी काढण्यास विसरू नये.

स्नेह्यांचा संगणक तीन वेळा तीन निरनिराळ्या जागी थांबला होता. नव्या पेनड्राइव्हनेही फरक पडला नाही. आत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढली, तरी तो पुन्हा अडला. मग तिच्या जागी, त्याच खाचेत, दुसरी लावली आणि स्थापना विनाखंड पूर्ण झाली. खाच निर्दोष होती, पट्टीच सदोष होती. डिस्क पुसून टाकली असती, तरी संगणक पुन्हा अडलाच असता आणि आठ महिन्यांची उधारी मात्र कायमची गेली असती.

१९ तारखेस दुपारी विवरणपत्र भरले गेले. स्नेही मला म्हणाले, "पूर्वी रोकड जुळल्याशिवाय मी पेढी वाढवीत नसे. या यंत्राच्या बाबतीत ती शिस्त आपण सोडली."

त्यांनी आता दोन बाह्य डिस्क घेतल्या आहेत. एक पेढीवर, एक घरी. दर शनिवारी त्यांची अदलाबदल होते. नक्कल मात्र रोज सायंकाळी घेतली जाते. प्रतिक्रमण जसे त्या त्या दिवसाचे त्याच दिवशी करावयाचे, तशीच ही नक्कलही. आपल्या पेढीवरील शेवटची नक्कल कोणत्या तारखेची आहे, हे वाचकांनी आजच पाहावे, आणि ती एकदा उघडूनही पाहावी.