उरलेल्या पैशांची कला

‘थोडक्या पैशांत केलेले काम आहे, गोड मानून घ्यावे,’ हे वाक्य अल्पखर्ची मराठी चित्रपटाच्या खेळास गेलेल्या माणसास हल्ली हटकून ऐकावे लागते. निर्माता ते हात जोडून म्हणतो, परीक्षक लेखाच्या अखेरीस उदारपणे लिहितो, आणि आपण सुशिक्षित प्रेक्षक मान डोलावतो. पात्रांचे अर्धे शब्द ऐकू आलेले नसतात, भर दुपारचा प्रसंग मध्येच संध्याकाळचा वाटू लागलेला असतो, दीड तासाची गोष्ट अडीच तास रेंगाळलेली असते; तरी ‘प्रयत्न स्तुत्य आहे’ असा शेरा मारून आपण घरी परततो. या क्षमाशीलतेला रसिकता म्हणण्याची चाल पडली आहे. आमच्या मते तिने या चित्रपटांचे जेवढे नुकसान केले, तेवढे दारिद्र्यानेही केलेले नाही.

वर सांगितलेले तिन्ही दोष चित्रीकरणानंतरच्या कामातले आहेत. या कामास धंद्यात सरसकट ‘पोस्ट’ म्हणतात. घेतलेल्या दृश्यांतून निवड करून त्यांचा क्रम व लांबी ठरविणे हे संकलन. संवाद, भोवतालचे आवाज आणि संगीत यांचे परस्परांशी प्रमाण बसविणे हे ध्वनिमिश्रण. निरनिराळ्या वेळी टिपलेल्या दृश्यांचा प्रकाश व रंग एका मेळात आणणे हे रंगसंस्करण. एकच चेहरा दोन क्षण अधिक राहिला तर करुण वाटतो आणि चार क्षण अधिक राहिला तर कंटाळवाणा होतो. तेव्हा हे काम म्हणजे तयार वस्तूवरील रंगसफेदी, ही समजूत मुळातच चुकीची आहे.

ही गोष्ट पिंपरी-चिंचवडच्या माणसास समजावून सांगावी लागावी, याचे आश्चर्य वाटते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला; पुढे आकुर्डी, भोसरी करीत ही कारखानदारी चाकणपर्यंत जाऊन भिडली. भोसरीतील लहानशा वर्कशॉपातला पोरसवदा कामगारही जाणतो, की भट्टीतून आलेले ओतीव म्हणजे गाडीचा सुटा भाग नव्हे. ते लेथवर चढते, त्याला भोके पडतात, कडांचे बर काढले जातात, गेज लावून माप पाहिले जाते, आणि मापात बसले नाही तर ते बाद होते. ‘कारखाना लहान आहे, सांभाळून घ्या’ असे म्हणून वाकडा भाग कोणी मोठ्या कंपनीच्या गळ्यात मारू शकत नाही. पण याच वसाहतींतली हुशार मुले चित्रपट काढू लागली, की चित्रीकरण संपल्याच्या दिवशी पेढे वाटतात. हाती असते ते केवळ ओतीव, आणि तिजोरी मात्र रिकामी झालेली असते.

आपल्या पूर्वसूरींची रीत अशी नव्हती. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तो दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांच्या हातांखालून. कच्च्या फिल्मला भोके पाडणे, रसायनांत ती धुणे, तुकडे जोडणे ही कामे त्या माउलीने घरचा स्वयंपाक सांभाळून शिकून घेतली. फाळक्यांजवळ पैसा ओतू जात होता, असे कोणी म्हणणार नाही. ‘प्रभात’मध्ये ध्वनिमुद्रणाचे खाते सांभाळणारे विष्णुपंत दामले हे कंपनीचे एक मालकच होते, आणि फत्तेलालांच्या जोडीने १९३६ चा ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित करणारेही तेच. ज्या देहूची ती कथा, ते आज या कारखान्यांच्या शिवेवर आहे. आवाजाची जाण असलेला माणूस तेथे मालकाच्या गादीवर बसत होता. आज त्याला शेवटी बोलावून ‘आपलाच चित्रपट समजा’ या प्रेमळ शब्दांनी फुकट राबविले जाते.

‘पण पैसाच नसेल तर काय करावे?’ असा प्रश्न येईल. आमचे उत्तर असे, की पैसा थोडा असतो हे खरे, पण तो खर्चण्याचा क्रम उलटा असतो. भारी कॅमेरा भाड्याने आणण्यास पैसे निघतात; चित्रीकरणस्थळी नीट ध्वनिमुद्रण करणाऱ्यास ते नसतात. मग सारे संवाद बंद खोलीत पुन्हा बोलवून घ्यावयाचे. या डबिंगच्या चालीला एके काळी कारण होते: कॅमेऱ्यांचाच आवाज इतका, की मूळ संवाद निरुपयोगी ठरत. आजचे कॅमेरे जवळजवळ मुके आहेत, आणि २००१ च्या ‘लगान’ने खुल्या माळरानावरही जागच्या जागी ध्वनिमुद्रण करता येते हे दाखवून दिले आहे. कारण गेले, सवय मात्र राहिली.

तिची किंमत कोण देतो? चाकणच्या खोल्यांत मराठवाड्याची, विदर्भाची, बिहारची बोली एकमेकींत मिसळते. पाळी बदलताना रस्त्यावर एक विशिष्ट गलबला उठतो. प्रेसच्या ठोक्यांमुळे माणसे बोलतानाही थांबून थांबून, ओरडून बोलतात. हा आवाज कोणत्याही ग्रंथात नोंदलेला नाही. तो बंद खोलीत धुऊन काढला आणि वर विकतचे व्हायोलिन चढविले, म्हणजे कामगाराच्या जीवनावरचा चित्रपट कामगारावाचून तयार होतो.

‘ओबडधोबडपणातही सौंदर्य असते,’ असा दुसरा आक्षेप आहे. असते, पण ते जाणून ठेवलेल्या ओबडधोबडपणात. न जमलेल्याला शैली म्हणणे हा शुद्ध आळस होय.

दोष एकट्या निर्मात्याचा नाही. राज्य शासनाचे अर्थसाहाय्य चित्रपट पुरा होऊन प्रमाणपत्र मिळाल्यावर, परीक्षणानंतर दर्जा पाहून मिळते. म्हणजे ज्या महिन्यांत निर्मात्याचे हात सर्वांत रिकामे, त्या महिन्यांत ते नसते. या साहाय्याचा एक हिस्सा कच्चे संकलन पाहून का देऊ नये? गोव्यात भरणाऱ्या फिल्म बाजारात अपुऱ्या चित्रपटांचे कच्चे संकलन जाणत्यांनी पाहून सल्ला देण्याची प्रथा आहेच. आणि ज्या आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला १९५४ साली पहिले राष्ट्रपती-सुवर्णपदक मिळाले, त्यांच्या नावाचे रंगमंदिर पिंपरीच्या संत तुकारामनगरात उभे आहे. तेथे किंवा अन्यत्र संकलनाची व ध्वनिमिश्रणाची एखादी सामायिक खोली बांधणे एवढ्या श्रीमंत महानगरपालिकेस जड जाऊ नये.

तोवर एक गोष्ट आपल्या हाती आहे. परीक्षकांनी संकलकाचे व ध्वनिसंयोजकाचे नाव घेऊन गुण आणि दोष दोन्ही लिहावेत, आणि आपण तिकीट काढून गेलेल्या खेळात शब्द ऐकू आला नाही तर निर्मात्यास तसे तोंडावर सांगावे. तो रागावेल. पण पुढच्या खेपेस चित्रीकरणाचे दोन दिवस कमी करून ते पैसे तो राखून ठेवील.