समुद्र न पाहिलेल्या मुलांनी पुळणीचा नकाशा का काढावा?



"आपल्या तेलगावच्या पोरांनी समुद्र कुठं पाहिलाय? पुळण, वाळूचा दांडा, खाजण, व्याख्या पाठ करून घ्यायच्या अन् पुढं जायचं." मीही असंच म्हणायचो. आता ते चूक वाटतं.

पुळण एका जागी थांबत नाही. पावसाळ्यात मोठ्या लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात, उथळ पाण्यात तळाशी तिचा उंचवटा तयार होतो. नंतर शांत लाटा ती वाळू हळूहळू परत आणतात. म्हणून नकाशा एकदा काढून भागत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर, किनारा व तळ दोन्ही मोजावे लागतात. मालवणजवळ देवबागला कर्ली खाडी आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आहे. तिच्यावर माणसांची घरं आहेत. वाळू कुठं सरकली, हा त्यांच्यासाठी दोन मार्कांचा प्रश्न नाही.

तळ कसा मोजतात? जहाजावरून पाण्यात आवाज सोडतात आणि प्रतिध्वनी यायला लागलेला वेळ मोजतात. समुद्रात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परत आला, तर जाऊन-येऊन ३० मीटर. खोली १५ मीटर. पाचवीचं पोरगं हे गणित सहज करतं!

किनाऱ्याचा उतार मोजायला शाळेच्या आवारात वाळूचा ढीग, खुणा केलेल्या दोन काठ्या आणि गवंडी वापरतात ती पाण्याची नळी पुरे. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीत राहतं. ठराविक अंतरावर काठ्या धरून उंचीतला फरक लिहा, आलेखावर ठिपके जोडा. मग ढिगावर बादलीभर पाणी ओता, पुन्हा मोजा. दोन रेषांमधलं अंतर म्हणजे सरकलेली वाळू.

आता तुम्ही म्हणाल, समुद्राशी आपला काय संबंध? आपली सिंदफणा मंजरथला गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. काकीनाड्यासमोरचा वाळूचा लांब दांडा गोदावरीच्याच गाळावर वाढलाय. धरणात अडकलेली, नदीतून उपसलेली वाळू तिथवर पोचत नाही.

व्याख्या पाठ केलेलं मूल मार्क मिळवील. स्वतः मोजलेलं मूल एक दिवस विचारील, "सर, आपल्या नदीतली वाळू कुठं गेली?" त्याचं उत्तर आपण मोठ्यांनीच द्यायचं आहे. तयारीत राहूया.