‘नुसतं सिस्टरनेच पाहिलं’

बाळ तापाने फणफणले की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न एकच, डॉक्टर आहेत का? उपकेंद्रात सिस्टरने नीट तपासले तरी घरी येऊन आपण सांगतो, “नुसतं सिस्टरनेच पाहिलं.” मग एमआयडीसीतला एक खाडा, बोईसरपर्यंत रिक्षाचे पैसे आणि इंजेक्शन टोचले की समाधान. ही सवय सरावलीत आमच्याही घरात आहे.

न्यूमोनियाचा पहिला संशय मात्र घड्याळावरून येतो. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे 50, पाच वर्षांच्या आतल्याचे 40 भरले तर श्वास जलद आहे. छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ अंगावर पीत नसेल, तर थेट रुग्णालय. शिकलेली परिचारिका हे चोख ओळखते.

अमेरिकेत 1965 साली परिचारिका लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी परिचारिकांना मुले तपासून उपचार ठरवायला शिकवले. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायांना तान्ह्या बाळांची काळजी व उपचार शिकवले. त्या तर परिचारिकाही नव्हत्या. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले: नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला होता. आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, त्यामागे हेच काम आहे.

आपले काही कार्यकर्ते विचारतात, “साहेबांच्या पोरांना बालरोगतज्ज्ञ आणि आमच्या पोरांना सिस्टर, ही कुठली समता?” प्रश्न रास्त आहे, तो सोडू नये. डॉक्टरची रिकामी जागा झाकायला सिस्टर पुढे केली जात असेल, तर आमचाही विरोधच. पण तालुक्याला बालरोगतज्ज्ञ हवाच, आणि वस्तीजवळ मुलांच्या आजारांचे जादा शिक्षण घेतलेली, पहिले औषध देण्याचा अधिकार व त्याप्रमाणे पगार असलेली परिचारिकाही हवी. आज तिला जबाबदारी मिळते, अधिकार मिळत नाही. आजारी भिक्खूला भगवंतांनी स्वतः न्हाऊ घातले, हे आपण विहारात ऐकतो. आणि मुलगी नर्सिंगला जाते म्हटली की रात्रपाळीवरून नाक मुरडतो!

येत्या ग्रामसभेत एवढे विचारू या: उपकेंद्रात ओआरएस आणि झिंक आहे का, आणि सिस्टर एकटी किती घरे सांभाळते?