ख्रिस्ती वाङ्मय आणि मोफत ग्रंथालयें

इंटरनेटवर ख्रिस्ती वाङ्मयाचीं जीं मोफत ग्रंथालयें आहेत, त्यांजविषयीं आपल्या सुशिक्षित वर्गांत दोन आक्षेप ऐकूं येतात. फुकटच्या ग्रंथाची कोणी कदर करीत नाहीं, हा पहिला. आणि हा सारा धर्मप्रसाराचा खटाटोप, त्याशीं आपणांस काय कर्तव्य, हा दुसरा. आम्हांस हे दोन्ही पोकळ वाटतात.

पहिल्याचें उत्तर आपल्याच वाङ्मयांत आहे. फादर स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६, १६४९ व १६५४ सालीं छापलें गेलें. पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाहीं. ग्रंथ वांचला तो भाविकांनीं हातानें उतरून घेतलेल्या नकलांमुळें, व त्यांवरूनच १९०७ सालीं तो मंगळुरास रोमन लिपींत पुन्हां छापला गेला. ग्रंथाचें रक्षण त्याची किंमत करीत नाहीं. नकलांची विपुलता करते. अमेरिकेंत हॅरी प्लांटिंगा या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकानें १९९३ सालीं सुरू केलेली 'ख्रिश्चन क्लासिक्स इथीरियल लायब्ररी' तेंच कार्य करीत आहे. ऑगस्टीन व थॉमस अ केंपिस यांचे ग्रंथ तेथें कोणासही वाचतां येतात व त्यांतील हवा तो शब्द शोधतां येतो. तेथील पुष्कळ भाषांतरें एकोणिसाव्या शतकांतील, म्हणून जुनीं आहेत, हें वैगुण्य आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कांहींच हातीं नसण्यापेक्षां तें खचित बरें.

आतां दुसरा आक्षेप. विधवांच्या दुःखाला वाचा फोडणारें बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' (१८५७) किंवा लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' हीं काय एका पंथाचीच मिरास आहे? हीं वगळून मराठी गद्याचा इतिहास लिहूं म्हणणारानें तो लिहून दाखवावाच!

कायद्याची सबबही चालण्याजोगी नाहीं. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं आपल्या देशांत स्वामित्वहक्क संपतो. पदमनजी १९०६, रेव्हरंड टिळक १९१९, पंडिता रमाबाई १९२२ आणि लक्ष्मीबाई १९३६ सालीं निवर्तल्या. त्यांचे ग्रंथ केव्हांच सर्वांचे झाले आहेत. उणीव आहे ती मूळ प्रत समोर ठेवून अक्षर न् अक्षर तपासणाऱ्या जाणत्या माणसांची. पानांचीं अस्पष्ट छायाचित्रें सांठवून ठेवणें म्हणजे ग्रंथालय नव्हे.

हें काम केवळ चर्चनें करावें असें म्हणणें म्हणजे आपलें ऋण दुसऱ्याच्या माथीं मारणें होय. आपलीं विद्यापीठें व साहित्यसंस्था यांनींच तें हातीं घ्यावें. आणि ज्यांस धर्मप्रसाराचें भय वाटतें, त्यांनीं तर सर्वांच्या आधीं पुढें यावें, म्हणजे या ग्रंथांची निवड व संपादन साहित्याच्या कसोटीवर होईल.