हवा सोडा!

लेखकानं एआय वापरावं की नाही, यावर हल्ली जो तो बोलतोय. आणि बोलणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यापुढे लेखक म्हणजे कथा-कादंबरीवाला. जानेवारी २०२४ मध्ये जपानच्या रिए कुदान यांना अकुतागावा पारितोषिक मिळालं, आणि कादंबरीतला पाचेक टक्के मजकूर चॅटजीपीटीचा आहे असं त्यांनी सांगून टाकलं. झालं, जगभर चर्चा! होऊ दे बापडी.

पण आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये लिहून पोट भरणारा माणूस कोण? २०१६ साली ८९ वं साहित्य संमेलन इथं झालं, हे खरं. पण संमेलनाच्या मांडवातला लेखक सहसा पोटासाठी प्राध्यापक असतो, नाहीतर बँकेत असतो. इथला पूर्णवेळ पगारी लेखक वेगळाच आहे. भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही कारखान्यात जा, मशीनशेजारी प्लास्टिकच्या कव्हरमध्ये एक कागद टांगलेला दिसेल. त्याला म्हणायचं वर्क इन्स्ट्रक्शन. तो लिहिणारा, मशीनचं मॅन्युअल लिहिणारा, बाहेरून आलेल्या मॅन्युअलचं मराठी करणारा टेक्निकल रायटर, हा आपला लेखक. त्याच्या वाक्याला पारितोषिक नाही. वाक्य चुकलं तर मात्र कुणाचं तरी बोट जाऊ शकतं.

हे उगाच भीती घालायला लिहीत नाहीये. सेफ इन इंडिया नावाची संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' या नावानं अहवाल काढते. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या-मोठ्या कारखान्यांत कामगारांची बोटं कशी जातात याचा तो हिशोब. त्यात पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा येते. आणि प्रेसवर उभा असलेला माणूस बहुतेक वेळा कमी शिकलेला, बाहेरगावाहून आलेला.

तर माझं म्हणणं सरळ सांगतो. या लेखकानं पहिला मसुदा एआयकडून घेऊ नये. अजिबात घेऊ नये. आणि हे मी, सॉफ्टवेअरवर पोट भरणारा, रोज एआयकडून कोड लिहून घेणारा माणूस म्हणतोय. त्याबद्दल पुढे येतोच.

आधी एक साधं वाक्य घ्या. इंग्रजी मॅन्युअलमध्ये असतं की देखभालीचं काम सुरू करण्यापूर्वी हवेचा दाब 'रिलीज' करा. मराठीत काय लिहाल? "हवा सोडा." व्याकरण बरोबर, शब्द सोपे, कुणालाही पटेल. आता ते ऑपरेटरच्या कानानं ऐका. टायरमधली हवा सोडली म्हणजे काढून टाकली. पण नगरपालिकेनं पाणी सोडलं म्हणजे? सुरू केलं! कंप्रेसरवाल्याला "लाइनमध्ये हवा सोड रे" म्हटलं की तो कॉक उघडतो. म्हणजे एकच क्रियापद, आणि अर्थ बरोब्बर उलटे. सिलिंडरखाली हात घालायच्या आधी हवा सोडा, असं वाचून एखाद्यानं कॉक उघडला तर चूक त्याची नाही. त्यानं मराठी बरोबरच वाचलं.

मग लिहायचं कसं? असं: "हवेचा मेन कॉक बंद करा. लाइनमध्ये उरलेली हवा काढून टाका. गेजचा काटा शून्यावर आल्याशिवाय हात आत घालू नका." एकाची तीन वाक्यं झाली. यात प्रतिभा कसली? काही नाही. फक्त लिहिणाऱ्यानं मशीनपाशी जाऊन, तिथल्या माणसाला वाक्य वाचून दाखवून, "यावरून तू काय करशील?" एवढं विचारायला हवं. खुर्चीत बसून हे सुचत नाही. एआयला तर खुर्चीसुद्धा नाही.

दुसरं उदाहरण. "धोका वाटल्यास लाल बटण दाबा." हे वाक्य हजार मॅन्युअलमध्ये सापडेल, त्यामुळे कुठलंही मॉडेल ते बिनदिक्कत लिहून देईल. नव्या प्रेसवर ते योग्यही आहे. पण आपल्याकडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये की-क्लच असलेल्या जुन्या मेकॅनिकल प्रेस अजून ठोकतायत. त्यात एकदा क्लच लागला की स्ट्रोक पुरा होतो, मधे थांबत नाही. बटणानं मोटर बंद होते, पण फ्लायव्हील फिरतच असतं. म्हणजे ज्या बटणाच्या भरवशावर तुम्ही माणसाला उभं केलंत, ते बटण त्या क्षणी काहीच करत नाही. मॉडेल लिहितं ते सरासरी प्रेसबद्दल. सरासरी प्रेस जगात कुठंच नसते. असते ती तिसऱ्या शेडमधली, डाव्या बाजूचा गार्ड वाकलेली प्रेस.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं, "अहो, पूर्वीसारखं राहिलेलं नाही, आता भाषांतर फार सुधारलंय." मान्य! गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी आली २०१३ साली. तेव्हाच्या यांत्रिक भाषांतरात 'डाय'चं मरण आणि 'जॉब'ची नोकरी व्हायची. सगळे हसायचे. :-) पण ती चूक निरुपद्रवी होती, कारण ती दिसायची. "मरण घट्ट बसवा" असं वाचून ऑपरेटर आधी हसणार आणि मग सुपरवायझरला विचारणार. आजची चूक हसवत नाही. ती गुळगुळीत असते, नम्र असते, शुद्धलेखनही बरोबर. म्हणूनच ती तपासणाऱ्याच्या नजरेखालून निघून जाते.

"पण शेवटी माणूस तपासतोच ना?" हा दुसरा मुद्दा. कागदावर तपासतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एक आयकर आकारणी रद्द केली. का? तर आदेशात ज्या निकालांचा आधार घेतला होता ते निकाल मुळात अस्तित्वातच नव्हते. एआयच्या जमान्यात यंत्रानं दिलेलं आंधळेपणानं घेऊ नका, असंही न्यायालयानं बजावलं. आदेश एका सरकारी यंत्रणेचा होता, काढणारी माणसंच होती. निकाल शोधून पाहायला फार तर अर्धा तास लागला असता. तो अर्धा तास कुणी दिला नाही, कारण तयार मजकूर समोर आला की काम झाल्यासारखंच वाटतं.

आणि कारखान्यात हेच होणार. माझा एक मित्र याच धंद्यात आहे. पूर्वी तो दिवसाला दोन-तीन इन्स्ट्रक्शन लिहायचा, त्यातला निम्मा वेळ शॉप फ्लोअरवर. आता त्याला मसुदे तयार मिळतात आणि दिवसाला तीस तपासायचे असतात. तीस कागद आणि तीस मशीन, एवढं चालणं दिवसात होत नाही. म्हणजे वाचलं काय? टायपिंग वाचलं असं सगळे म्हणतात. टायपिंगला वेळ लागतच नव्हता हो! कापली गेली ती मशीनपर्यंतची फेरी. आणि लिहिणं म्हणजे ती फेरीच होती.

आता माझ्यावरचा आरोप. "तू कोड लिहून घेतोस ते चालतं का?" फरक आहे. कोडला कंपायलर आहे, टेस्ट आहेत, रिव्ह्यू आहे, आणि बिघडलं तर कालची आवृत्ती परत चढवता येते. (तरीही आम्ही रात्री-अपरात्री उठून बसतो, ते वेगळं.) मराठी वाक्याला कंपायलर नाही. त्याची एकच टेस्ट, वाचणाऱ्यानं पुढं काय केलं. आणि बोटाची कालची आवृत्ती परत मिळत नाही. विमानाचं किंवा इस्पितळातल्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही मी हाच नियम लावीन.

अजून एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त बोचते. वेबवर मराठी आहे ती वर्तमानपत्रांची, शासन निर्णयांची, विकिपीडियाची. शॉप फ्लोअरवरची मराठी तिथं जवळपास नाहीच. सेटर, हेल्पर, बर काढणं, जॉब लोड करणं, लातूर-बीडकडून आलेल्या पोरांची बोली आणि त्यात मिसळलेली हिंदी, ही भाषा बोलली गेली, पण फारशी लिहिली गेली नाही. जे लिहिलंच नाही ते मॉडेल शिकणार कुठून? मग ते आपल्याला 'झडप', 'परिचालक', 'संपीडित वायू' देतं. आता आपला लेखकही त्याच मसुद्यापासून सुरुवात करायला लागला, तर ही मराठी कागदावर कधीच यायची नाही. पुढचं मॉडेल पुन्हा 'परिचालक'च शिकेल, आणि आपण पुन्हा त्यालाच दोष देऊ.

गंमत म्हणजे १९४८ च्या कारखाना कायद्याला हे कळलं होतं. त्याच्या कलम १०८ मध्ये होतं की लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असाव्यात. राज्याची भाषा किंवा प्रमाण भाषा असं नाही, 'समजेल अशी'. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेनं घेतली. कायदा बदलला, तरी समजण्याची गरज तीच राहते. आणि समजलं की नाही, हे समोरच्याला विचारल्याशिवाय ठरत नाही.

राहता राहिला खरा प्रश्न. "साहेब म्हणतात वापर, माझ्या हातात काय आहे?" एकट्याच्या हातात फार नाही, कबूल. नोकरी सोडा असं सांगणारा मी कोण? पण हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला आणि करारात लिहून घेतलं की कंपनी लेखकावर एआय वापरायची सक्ती करू शकत नाही. कंपनीची संमती असेल तर लेखकानं हवं तर वापरावं. म्हणजे निवड लेखकाची. आपलं शहर तर करारांवरच वाढलंय. पगारवाढीचा करार, बोनसचा करार, कॅन्टीनच्या चहाचासुद्धा करार! त्यात एक ओळ घालायला काय हरकत आहे? मशीनशेजारी लागणारा प्रत्येक कागद लिहिणाऱ्यानं त्या मशीनपाशी उभं राहून, तिथल्या ऑपरेटरला वाचून दाखवलेला असावा, आणि खाली दोघांची सही असावी. लेखकाची आणि ऑपरेटरची.

ही ओळ मान्य झाली, की मग शुद्धलेखन तपासायला, तक्ता नीट लावायला, राहिलेला आकडा शोधायला खुशाल एआय वापरा. माझी ना नाही. पण तोपर्यंत ज्याच्या वाक्यावर दुसऱ्याचा हात अवलंबून आहे, त्यानं कोरा कागद घ्यावा, सेफ्टी शूज घालावेत आणि आधी शेडमध्ये जावं.

असो. उद्या रविवार आहे, पण चाकणच्या बऱ्याच शेडमध्ये उद्याही शिफ्ट आहे.