डोक्याला हेल्मेट, पायांना काय?

हौशी मोटारशर्यतींतील सुरक्षिततेची चर्चा बहुधा हेल्मेट, सीटबेल्ट, रोलकेज आणि अग्निशामक यांपाशी येऊन थांबते. गाडी आपटली वा पेटली, तर चालकाला वाचवणारी ही साधने आहेत आणि त्यांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु गाडी कुठेही न आपटता, इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारी यंत्रणाच फुटली तर? या प्रश्नाकडे हौशी स्पर्धकांचे आणि अनेकदा आयोजकांचेही पुरेसे लक्ष जात नाही.

माझदाची 'एमएक्स-५ मियाटा' ही दोन आसनी गाडी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. १९८९ मध्ये बाजारात आलेल्या या गाडीने २०१६ मध्ये दहा लाखांच्या उत्पादनाचा टप्पा गाठला. वजनाने हलकी, मागच्या चाकांना गती देणारी आणि तुलनेने स्वस्त असल्याने अमेरिकेतील हौशी शर्यतींत तिने मानाचे स्थान मिळवले. 'स्पेक मियाटा' हा स्वतंत्र स्पर्धा वर्गच तिच्यासाठी निर्माण झाला. मात्र अशा छोट्या गाडीत चालकाच्या पावलांशेजारी बेल हाउसिंग आणि कोपराखाली प्रोपेलर शाफ्ट असतो. मध्ये असतो तो केवळ पातळ पत्रा.

धोका कोठून उद्भवतो, हे आकड्यांतून स्पष्ट होते. फिरत्या फ्लायव्हीलमधील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जुन्या पाच गिअरच्या मियाटात दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.८८८, तर तिसऱ्याचे १.३३० आहे. इंजिन मिनिटाला ७००० फेऱ्यांवर असताना तिसऱ्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला, तर चाके इंजिनाला ९९०० फेऱ्यांच्या दिशेने ओढतात. म्हणजे फ्लायव्हीलमधील ऊर्जा दुप्पट होऊ शकते. फेऱ्यांवर मर्यादा घालणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था येथे निरुपयोगी ठरते. ती इंधन वा ठिणगी तोडते, चाकांचा रेटा थोपवू शकत नाही. ओतीव लोखंडाचे मूळ फ्लायव्हील लेथवर घासून हलके केले असेल किंवा क्लच अतितापाने तडकलेला असेल, तर संकट आणखी जवळ येते. फुटलेले तुकडे फिरण्याच्या प्रतलात बाहेर फेकले जातात. इंजिन उभे बसवलेल्या गाडीत ते प्रतल बहुधा चालकाच्या पायांजवळून जाते.

याची किंमत क्रीडाविश्वाने मोजलेली आहे. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर विख्यात स्पर्धक डॉन गार्लिट्स यांच्या गाडीच्या गिअरबॉक्सचा स्फोट झाला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग तुटला. त्यानंतर त्यांनी इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी बांधली आणि १९७१ मध्ये ती यशस्वी करून दाखवली. त्या गाडीची शक्ती मियाटाच्या कैक पट होती, हे खरे. परंतु तुटलेल्या धातूची दिशा ठरवणारे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत.

प्रोपेलर शाफ्टचा धोका वेगळ्या प्रकारचा आहे. त्याचा पुढचा क्रॉस तुटल्यास शाफ्टचे टोक रस्त्यात रुतून गाडी उचलली जाऊ शकते. मागचा तुटल्यास तो बोगद्यावर घणासारखा आदळत राहतो. त्यावर शाफ्टभोवती पोलादी कडे बसवणे हा साधा उपाय आहे. अमेरिकेतील ड्रॅग शर्यतींची नियामक संस्था एनएचआरए, स्लिक टायर लावून पाव मैल १३.९९ सेकंदांत वा त्याहून लवकर कापणाऱ्या गाड्यांना हे कडे सक्तीचे करते. ते पुढच्या क्रॉसपासून सहा इंचांच्या आत असावे लागते. क्लच वा फ्लायव्हील फुटल्याने चालकाला धोका संभवत असेल, तेथे संरक्षक कवच हवे, असा एससीसीए या हौशी क्रीडासंस्थेचा नियम आहे. फ्लायव्हील व क्लचसाठी एसएफआय फाउंडेशनने मानकेही आखलेली आहेत.

यावर नेहमीचा आक्षेप खर्चाचा आणि वजनाचा असतो. त्यात तथ्य आहे. मूळ इंजिन आणि रस्त्यावरचेच टायर वापरणाऱ्या गाडीत असे अपघात विरळा असतात. तेथे क्लच, माउंटिंग, क्रॉस आणि बोल्ट यांची प्रत्येक स्पर्धेपूर्वी तपासणी, तसेच तेलगळती बंद करणे पुरेसे ठरते. ट्रॅकवर सांडलेले तेल मागून येणाऱ्यालाही घातक असते, हे विसरता कामा नये. मात्र टर्बो बसवला, स्लिक टायर लावले की मूळ आराखड्यातील सुरक्षेचा ताळमेळ बिघडतो. शक्ती वाढवायची आणि संरक्षण तेवढेच ठेवायचे, ही काटकसर नव्हे.

भारतात कोईमतूर, चेन्नई आणि ग्रेटर नोएडा येथील ट्रॅकवर हौशी चालकही उतरतात. त्यांच्यातील बऱ्याच गाड्या पुढच्या चाकांना गती देणाऱ्या हॅचबॅक असल्याने प्रोपेलर शाफ्टचा प्रश्न त्यांना भेडसावत नाही. पण फ्लायव्हील त्यांतही आहेच. स्थानिक ऑटोक्रॉसमध्ये धावणाऱ्या मारुती जिप्सीला तर शाफ्टही आहे. अशा वेळी गाडीच्या शक्तीनुसार आणि टायरनुसार पायऱ्या ठरवून, स्पर्धेपूर्वीच्या तांत्रिक तपासणीत हेल्मेटच्या जोडीने गाडीखाली डोकावून पाहणेही बंधनकारक करणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. हा निर्णय चालकाच्या मर्जीवर सोडता येणार नाही. कारण तुटलेला तुकडा प्रेक्षक आणि मार्शल यांच्या दिशेनेही जाऊ शकतो आणि त्यांनी हा धोका पत्करलेला नसतो.