गाडीले अर्थ भेटून नाही राहिला

मागच्या मे महिन्यात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने आमच्या गाडीचं एस्टिमेट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. ३८,४०० रुपये. पुढचे दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, अल्टरनेटर, बॅटरी, आणि ‘वायरिंग हार्नेस तपासून गरज पडल्यास बदलणे’. खाली सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचा प्रेमळ सल्ला: ‘सर, गाडी जुनी झाली. एक्स्चेंजमध्ये चांगली ऑफर आहे.’

माझ्या तक्रारी दोनच होत्या. स्पीड ब्रेकरवर पुढून डावीकडे खडखड होत होती. आणि रात्री एसी लावला की हेडलाइट मंद व्हायचे, डॅशबोर्डवर भलतेच दिवे लागायचे, एखाद्या सकाळी स्टार्टर नुसतं ‘टक’ करून गप्प बसायचा.

गाडी २००९ची, एमएच-३२ पासिंगची. बाबांनी साधारण चार लाखांना घेतलेली. आजही आठवड्यातून तीन दिवस ती मला वर्ध्याहून नागपूरला नेते आणि उरलेले दिवस बाबांना शेतावर. ती शोभेची नाही, रोजची आहे.

एस्टिमेट घेऊन मी नाक्यावरच्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी ते वाचलंही नाही. गाडी जॅकवर घेतली, टॉमी घालून लोअर आर्म हलवून पाहिला. ‘बुश गेला भाऊ. आर्मले काही नाही झालं.’ मग लिंक रॉड हाताने हलवला, तो खुळखुळ वाजला. शॉकअपमधून तेल गळत नव्हतं. गाडी पुढून दाबून सोडली तर एकदा वर येऊन थांबत होती, डोलत नव्हती. म्हणजे शॉकअप चांगले. प्रेसवर जुना बुश काढून नवा दाबला, लिंक रॉड बदलला. खडखड संपली.

हे त्यांना पाहताच कळलं, कारण ते इथले आहेत. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, रबर कडक होऊन तडकतं. इथे लोखंडाआधी रबर मरतं. एस्टिमेट छापणाऱ्या कॉम्प्युटरला हे माहीत नाही. त्याच्या यादीत बुश नाहीच, अख्खा आर्मच आहे.

मग विजेचं. काकांनी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. मला सांगितलं, गाडी चालू कर, हेडलाइट लाव, एसी लाव. मीटरवर १.४ व्होल्ट. ‘गाडीले अर्थ भेटून नाही राहिला.’

याचा अर्थ असा. गाडीत वीज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वायरने जाते, पण परत येते ती बहुतांशी गाडीच्या पत्र्यातून आणि इंजिनमधून. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी एक जाड पट्टी असते, तिला गॅरेजमध्ये अर्थ म्हणतात. ती गंजली की विजेला परतीचा रस्ता अरुंद होतो. त्या दोन बिंदूंमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक नसावा. आमच्याकडे सातपट होता. बॅटरी चांगली होती, अल्टरनेटरही चांगला होता. पट्टी बदलली, जागा पॉलिश पेपरने घासली, नट आवळला. बॅटरीवर १४.१ व्होल्ट दिसले.

दोन्ही कामांचं बिल २,८५० रुपये.

मी इंजिनिअर आहे. किरचॉफचा नियम पहिल्या वर्षाला पाठ करून पास झालो. घरात मल्टिमीटर आहे. तरी मी तो लावून पाहिला नाही. मी एस्टिमेट वाचलं आणि बाबांना म्हणालो, ‘विकून टाकू.’ या लाजेतून हा लेख लिहितोय, पण लाज एकट्या माझी नाही.

काउंटरवरचा माणूस चोर आहे, असं मी म्हणत नाही. तिथल्या बिलात निदानाला किंमतच नाही, किंमत पार्टला आहे. तासभर डोकं लावून बुश गेल्याचं शोधणाऱ्या मेकॅनिकपेक्षा दहा मिनिटांत अख्खा आर्म बदलणारा तिथे जास्त कमावून देतो. अशा ठिकाणी ‘गाडी जुनी झाली’ हे निदान नसतं, ती विक्री असते.

आणि जिथे निदान होऊ शकतं, तिथे कुलूप लावलं जातं. ते कुलूप माझ्या धंद्याने बनवलंय. नव्या गाड्यांत कित्येक सुटे भाग बसवून भागत नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरने कोडिंग केल्याशिवाय गाडी ते ओळखत नाही. हजाराच्या आत मिळणारा ओबीडी डोंगल फोनला जोडून तुम्ही इंजिनचे साधे एरर कोड वाचू शकता, पण त्यापुढचं दार बंद. मिस्त्रीकाकांचं कौशल्य कमी पडत नाही, त्यांना पासवर्ड मिळत नाही.

ही कल्पनेतली तक्रार नाही. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे २०१६ मध्ये अपील लवादाने त्यातल्या तीन कंपन्यांचा दंड कमी केला, पण कायदा मोडला गेला हा निष्कर्ष कायम ठेवला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी मोटारदुरुस्तीच्या हक्काला कौल दिला. आपल्याकडे केंद्राने २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टल उघडलं. पोर्टलने नाक्यावरच्या गॅरेजचं कुलूप उघडत नाही.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला सुरक्षेचा. एअरबॅग आणि चोरीविरोधी यंत्रणा कुणाच्याही हाती देता येत नाहीत. मान्य. मग प्रशिक्षण द्या, परवाना द्या, नोंद ठेवा, पण किल्ली द्या. दुसरा प्रदूषणाचा. माझी गाडी बीएस-६ नाही, नवी गाडी कमी धूर सोडते. हेही मान्य. मग धूर मोजा आणि नापास होणारी गाडी खुशाल भंगारात घाला. १५ वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करताना मी ६०० ऐवजी ५,००० रुपये भरले, तपासणीही करून घेतली. पण गंजलेली पट्टी आणि तडकलेला बुश म्हणजे धूर नव्हे. त्यांच्यासाठी एक टन चालतं लोखंड वितळवून नवं बनवायचं, आणि त्याला पर्यावरण म्हणायचं?

आपल्याला वाटतं, यंत्रविरोधी विचार गांधींचा आणि दुरुस्तीचा हक्क कॅलिफोर्नियाचा. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. तेव्हा गांधी साबरमतीला होते, वर्ध्याला यायचे होते. अटींमध्ये सुताचा वेग होता, किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी होती. शिवाय यंत्र वेळोवेळी दुरुस्त करून किमान २० वर्षं चालावं, आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. ते बक्षीस कुणालाही मिळालं नाही, पण अट बघा. यंत्राच्या व्याख्येतच दुरुस्ती होती. ते जुनं कधी झालं, हे विकणाऱ्याने ठरवायचं नव्हतं.

त्या अटीने माझी गाडी मोजा. चार लाखांचे पाच टक्के म्हणजे वर्षाला २०,००० रुपये. काकांच्या बिलाने ती आरामात पास होते. काउंटरच्या एस्टिमेटने नापास होते. गाडी तीच आहे.

शेवटचा दोष आपला. काकांनी २,८५० सांगितल्यावर मी सवयीने म्हणालो, ‘काका, एक पट्टीच तर बदलली.’ ते काही बोलले नाहीत. पट्टी दीडशेची होती. ती पट्टीच गेली आहे हे कळण्याचे पैसे मला द्यायचे नव्हते. शोरूममध्ये ३८,००० निमूट देणारे आपण नाक्यावर दोनशेसाठी घासाघीस करतो, आणि मग चांगला मिस्त्री मिळत नाही म्हणून रडतो. काकांचा मुलगा त्यांच्या गॅरेजमध्ये नाही. तो शोरूममध्ये गाड्या विकतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘गाडी जुनी झाली’ म्हणालं, तर एवढंच विचारा: काय मोजलं? किती आलं? जुना पार्ट मला दाखवा. उत्तर मिळालं नाही तर चावी परत घ्या. आणि ज्याने मोजून दाखवलं, त्याला मोजण्याचे पैसे द्या. मी दुसऱ्या दिवशी जाऊन दिले. काकांनी आधी घेतले नाहीत, मग घेतले.